भूकलाडूंचा पंचनामा

लहानपणी ऐकलेल्या गोष्टींतला राजपुत्र जेव्हा जेव्हा सात समुद्रांपलीकडच्या कुठल्याशा मोहिमेवर निघे, तेव्हा तेव्हा त्याची आई त्याला तहानलाडू आणि भूकलाडू बांधून देत असे, आणि तोही ते घेऊन, मागे वळून न पाहता, घोड्याला टाच मारीत असे. परंतु ते लाडू कशाचे असत, त्यांत गूळ किती आणि तूप किती, एका भूकलाडवावर सरासरी किती कोसांची मजल होई, आणि तहान जर लाडवानेच भागत असेल तर राजवाड्यातले पाणके दिवसभर काय करीत, या मूलभूत मुद्द्यांचा खुलासा कोणत्याही आजीने कधी केल्याचे मला स्मरत नाही. माझ्या आजीला मी तो एकदा विचारला होता. "गोष्ट ऐकायची आहे, की दुकान काढायचं आहे?" असा प्रतिप्रश्न करून तिने ते प्रकरण निकालात काढले. पुढे माझी उभी हयात सरकारी कचेरीत गेली, आणि अपुऱ्या तपशिलाचा कागद 'सबब परत' असा शेरा मारून ज्याचा त्याला धाडण्याची जी सवय माझ्या हाताला जडली, तिच्या मुळाशी हे भूकलाडवांचे अनिर्णित प्रकरणच असावे, असा मला दाट संशय आहे.

निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी ते पुन्हा उपस्थित झाले, ते आमच्या डॉक्टरांमुळे. ज्यांच्या अधिवासाच्या दाखल्यावर बहुधा माझीच सही असावी अशा त्या तरुण गृहस्थांनी माझ्या रक्ताचा अहवाल आधी उजेडाकडे आणि मग माझ्याकडे धरून फर्मावले, की "काका, दोन वेळा भरपेट जेवण्यापेक्षा दर अडीच तासांनी थोडं थोडं खा, रोज सकाळी चाला, आणि बाहेर पडताना काहीतरी पौष्टिक जवळ बाळगत जा." या फर्मानाचा पूर्वार्ध मला इतका रुचला, की उत्तरार्ध मी दवाखान्याची पायरी उतरेपर्यंत विसरूनही गेलो, परंतु सौभाग्यवती शेजारच्याच खुर्चीवर बसलेली असल्यामुळे संपूर्ण मजकूर तिच्या दप्तरी रुजू झाला होता, आणि तिच्या दप्तरातला कागद कधी गहाळ होत नाही, हाच तिच्यात आणि माझ्या माजी कचेरीत मुख्य फरक आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे, आमच्या साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्याची वाट धरण्यासाठी मी बुटांच्या नाड्या बांधीत असता, तिने माझ्या सदऱ्याच्या खिशात कागदाची एक पुडी सरकवली आणि म्हणाली, "भूक लागली तरच खा."

या चार शब्दांतल्या 'तरच' या एका शब्दावर पुढला सगळा अनर्थ उभा आहे.

कारण भूकलाडू ज्या क्षणी खिशात पडतो त्या क्षणापासून भूक ही शरीराची अवस्था न राहता मनाची होते. पुडी घरी ठेवून निघालेला मनुष्य दुपारी बारापर्यंत निर्विकारपणे हिंडू शकतो. तोच मनुष्य पुडी घेऊन निघाला, तर पहिल्याच वळणावर त्याला आपल्या प्रकृतीविषयी चिंता वाटू लागते, पाय जड झाल्याचा भास होतो, आणि पुढे वाटेत घेरीबिरी आली तर जवळ असून न खाल्ल्याचा दोष आपल्या माथी येईल, असा अत्यंत जबाबदारीचा विचार त्याच्या मनात डोकावतो. मी पुडी उघडली तेव्हा आमची गल्लीसुद्धा संपली नव्हती. आत गूळ-शेंगदाणे होते. गल्लीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा नव्हते.

हा दोष माझा एकट्याचा असता तर मी तो मुकाट्याने पदरी घेतला असता. परंतु चौकशीअंती तो सार्वत्रिक असल्याचे निष्पन्न झाले आहे. साताऱ्याच्या स्थानकावरून स्वारगेटकडे जाणाऱ्या एसटीत एकदा खिडकीशी बसून सहप्रवाशांचे निरीक्षण करावे. खंबाटकीच्या घाटापलीकडे, शिरवळच्या सुमारास, मुलांना भूक लागेल या हिशेबाने मातोश्रींनी डबा भरलेला असतो. परंतु गाडी लिंब फाट्याला पोचण्यापूर्वीच डब्याचे झाकण निघते, आणि ते मुलांनी काढलेले नसते. ज्यांनी घरून निघताना 'आत्ताच तर जेवलोय' असे तीनदा बजावून सांगितलेले असते, ते कुटुंबप्रमुखच "बघू तरी काय दिलंय," अशा केवळ जिज्ञासेपोटी तिखटमिठाच्या पुरीचा एक तुकडा मोडतात. मग त्या पुरीला लोणचे लागते. मग मुले जागी होतात. शिरवळ येते तेव्हा डब्यात उरलेली असते ती फक्त लोणच्याची फोड, आणि सर्वांना खरोखरीची भूक लागलेली असते.

आमच्या पूर्वजांनी मात्र या शास्त्राचा फार खोलवर विचार केलेला दिसतो. अन्न नासवते ते त्यातले पाणी, हे रसायनशास्त्राच्या पुस्तकावाचून ओळखून त्यांनी प्रवासाच्या प्रत्येक पदार्थातून पाण्याची हकालपट्टी केली: हरभरे भाजून फुटाणे केले, भात कांडून त्याचे पोहे केले, डाळी-तांदूळ भाजून-दळून मेतकूट केले, सातूचे पीठ केले, आणि जिथे पीठ भिजवणे प्राप्तच होते तिथे पाण्याऐवजी दुधात भिजवून दशम्या केल्या. दशमीच्या दुधात टिकाऊपणाखेरीज आणखी एक सोय होती. पाण्यात शिजलेल्या अन्नाला सोवळ्याओवळ्याचे जे असंख्य कायदे लागू असत, त्यांच्या कचाट्यातून दुधात भिजवलेला पदार्थ निसटून जाई. तात्पर्य, दशमी ही आमच्या पाकशास्त्राने धर्मशास्त्रात शोधून काढलेली पळवाट होती, आणि इतकी रुचकर पळवाट पुढे कोणा वकिलालाही सापडली नाही. गुळाची पोळी आठवडाभर सहज टिकते. ती आठवडाभर टिकलेली मी कधी पाहिली नाही, हा भाग वेगळा.

आणि आज ज्यांना 'धावपळीच्या जीवनात खायला वेळ मिळत नाही' अशी तक्रार करण्यापुरता मात्र वेळ मिळतो, त्यांनी पहिल्या बाजीराव पेशव्यांचे स्मरण करावे. १७२० ते १७४० या वीस वर्षांत या पुरुषाने जेवढी धावपळ केली तेवढी क्वचितच कोणी केली असेल. आणि त्याचे चित्र काढून आणण्यासाठी मुद्दाम धाडलेल्या चिताऱ्याने जे चित्र नेले, त्यात बाजीराव घोड्याच्या पाठीवर बसून, लगाम सैल सोडून, जोंधळ्याची कणसे दोन्ही तळहातांत चोळीत आणि दाणे तोंडात टाकीत चालला होता, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. धान्य सबंध, तेल नाही, साखर नाही, वेष्टन निसर्गाचे आणि हात धुण्याची गरज नाही. एवढ्या अटी पूर्ण करणारा पदार्थ आज बाजारात आला, तर त्याची किंमत घोड्याइतकी असेल.

हे मी घोड्यावर बसून नव्हे, तर अनुभवाने बोलतो. कारण याच सुमारास आमचे पुतणे पुण्याहून चार दिवस मुक्कामाला आले. हे चिरंजीव आठवड्याचे पाच दिवस संगणकासमोर निश्चल बसतात आणि त्याचे प्रायश्चित्त म्हणून उरलेले दोन दिवस धावतात. साताऱ्यात दरवर्षी यवतेश्वरच्या घाटातून धावण्याची जी २१ किलोमीटरांची शर्यत होते, तीत त्यांनी नाव नोंदवले होते, आणि तिच्या तयारीसाठी कमरेला जो पट्टा बांधून ते माजघरात अवतीर्ण झाले, तो पाहून सौभाग्यवतीने क्षणभर देवघराचा आश्रय घेतला. कारण त्यात शिकाऱ्याच्या पट्ट्यात काडतुसे असावीत तशा रांगेने चकचकीत पुड्या खोवलेल्या होत्या.

"काका, हे बार, आणि हे जेल," पुतण्याने खुलासा केला.

माझ्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत या दोन शब्दांचे मला ठाऊक असलेले अर्थ असे होते, की पहिल्या ठिकाणी फार वेळ काढणारा मनुष्य कालांतराने दुसऱ्या ठिकाणी पोचतो. परंतु हे दोन्ही खाद्यपदार्थ निघाले. जेल म्हणजे पुडीच्या कोपऱ्यातून चोखून घ्यायचा साखरेचा घट्ट पाक, आणि बार म्हणजे विटेच्या आकाराची, परंतु विटेपेक्षा किंचित मऊ अशी एक वडी. मी चष्मा पुसला आणि वेष्टनावरचा बारीक मजकूर, फेरफारांची नोंदवही वाचावी तसा, पहिल्या अक्षरापासून वाचून काढला. आपल्या कायद्याप्रमाणे वेष्टनावर घटकपदार्थांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागतात, ही माहिती पुतण्याने पुरवली. आणि मग मला त्या यादीचे खरे स्वरूप उमगले. एका वेष्टनावर साखरेचे नाव बरेच खाली, अगदी गरीब बापडे होऊन बसले होते. परंतु तिच्या वरच्या ओळींत ग्लुकोजचा पाक होता, इनव्हर्ट पाक होता, माल्टोडेक्स्ट्रिन होते. अशी माणसे मी कचेरीत पुष्कळ पाहिली आहेत. एकाच जमिनीवर स्वतःच्या, बायकोच्या, मेहुण्याच्या आणि तान्ह्या मुलाच्या नावाने चार अर्ज करायचे, म्हणजे कोणत्याही एका नावापुढे फारसे काही दिसत नाही. फौजदारी दप्तरात याला सरळ 'ऊर्फ' म्हणतात.

गुळाची बाजू घेताना मात्र मला न्यायबुद्धी सोडायची नाही. गूळही बहुतांशी साखरच आहे. तो आपल्या घरचा म्हणून त्याचे गुन्हे माफ होत नाहीत. त्याच्या अंगी एवढाच प्रामाणिकपणा, की तो कधी नाव बदलून आला नाही. आणि पुतण्याच्या पट्ट्यातली एक वडी खरोखरच सरळमार्गी होती. तिच्यावर खजूर, शेंगदाणे, ओट आणि बदाम एवढीच चार नावे होती, आणि ती वडी त्याने, घरातला वडीलधारा मनुष्य इतक्या रसाने वाचन करतो आहे याचे कौतुक वाटून, मला भेट दिली. या वडीला वाचकांनी ध्यानात ठेवावे. तिची साक्ष पुढे व्हायची आहे.

पुतणे धावायला गेले आणि मी प्रयोगाला लागलो. बरोबर नेण्याचा पदार्थ पौष्टिक असावा, ही अट वैद्यांची. तो चविष्ट असावा, ही जिभेची. परंतु तो नेता यावा, ही अट खिशाची आहे, आणि खिसा हा फार कडक परीक्षक आहे. केळ्याचेच पाहा. निसर्गाने स्वतःच्या हाताने वेष्टन घालून दिलेले, सोलायला सोपे, पचायला हलके असे हे फळ खिशात घातल्यावर पहिली दहा मिनिटे सज्जनासारखे वागते. मग आपण एसटीत कोणाला तरी जागा देण्यासाठी सरकतो, आणि तिथून पुढे केळे आणि सदरा यांना वेगळे करणे हे परटाचे काम होऊन बसते. चिवडा पुडीतून गळतो. तो किती बारकाईने गळतो याचा अनुभव मला एका लग्नात आला. तिथे मी अक्षता समजून खिशातून जे काढून वधूवरांवर टाकले त्यात कढीपत्ता होता. फुटाणे खिशाला लागत नाहीत, डागत नाहीत, वितळत नाहीत, आणि शंभर ग्रॅमांत वीसएक ग्रॅम प्रथिने बाळगून असतात. परंतु त्यांना आवाज आहे, आणि वाचनालयात फुटाणे खाणारा मनुष्य, त्याने कितीही सावकाश दात मिटले, तरी तिसऱ्या फुटाण्याला ग्रंथपालाच्या नजरेस पडतोच.

राजगिऱ्याच्या लाडवाविषयी मला विशेष जिव्हाळा आहे, म्हणून त्याच्यावर थोडे सविस्तर लिहितो. मोहरीहून लहान दाणा, तो तापल्या कढईत टाकताच फुलून पांढरा होतो, आणि अशा हजारो फुललेल्या दाण्यांना गुळाच्या पाकाने परस्परांशी जेमतेम बांधून जो गोळा होतो, तो वजनाने इतका हलका, की खिशात आहे की नाही हे हात घालूनच पाहावे लागते. (हात घालून पाहणे, हीच त्याच्या ऱ्हासाची पहिली पायरी होय.) पोटाला तो बाधत नाही, त्यातला दाणा शंभर ग्रॅमांत तेरा-चौदा ग्रॅम प्रथिने देतो, आणि धान्य नसल्यामुळे एकादशीलाही चालतो. आषाढात पालखी लोणंद-फलटणकडे उतरते तेव्हा रस्त्याच्या कडेला उभे राहून लोक वारकऱ्यांच्या हातांत केळी आणि हेच लाडू ठेवताना मी दरवर्षी पाहतो; आणि दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर चालणाऱ्या माणसांनी जो पदार्थ पसंत केला, त्याला आणखी कोणाचे प्रमाणपत्र हवे? दोष एकच. त्याच्या अंगची एकी फार तकलादू. मऊ खिशात बसून पायऱ्या चढल्यास तो आपल्या मूळ दाण्यांत परत जातो, आणि मग तो खाण्यासाठी खिसाच उलटा करून तोंडाला लावावा लागतो. हे दृश्य निवृत्त अव्वल कारकुनाला शोभत नाही.

जाता जाता उपवासाविषयी एक गोष्ट नोंदवून ठेवतो. आमच्या एकादशीला जे चालते त्यातले शेंगदाणे दक्षिण अमेरिकेतून आलेले, बटाटे तिथलेच, आणि साबूदाणा ज्या कंदापासून होतो तो कंदही तिथलाच. एवढ्या परदेशी मंडळींना सोवळ्यात घेऊन आम्ही घरच्या गव्हाला मात्र त्या दिवशी बाहेर उभे करतो.

ही निरीक्षणे चालू असता माझ्या मनात एक विचार आला, आणि तो इतका मोठा होता की मी तो आधी सौभाग्यवतीलाच सांगितला. सुदाम्याची कथा आपण मैत्रीची कथा म्हणून ऐकतो. सुदाम्याच्या बायकोने शेजारपाजारातून चार मुठी पोहे मागून आणले, फाटक्या वस्त्रात बांधून दिले, आणि तो कृश, उपाशी ब्राह्मण ती पुरचुंडी काखेला मारून द्वारकेपर्यंत चालत गेला. भगवंतांनी एक मूठ खाल्ली, दुसरी घेताना रुक्मिणीने हात धरला, आणि सुदाम्याच्या झोपडीच्या जागी सोन्याची नगरी उभी राहिली. आता मला सांगा, केवळ मैत्रीबद्दल कोणी सोन्याची नगरी देते काय? भगवंत सर्वज्ञ होते. त्यांनी पुरचुंडी पाहिली आणि जाणले, की अखिल भरतखंडात घरून दिलेले पोहे वाटेत न खाता मुक्कामापर्यंत जसेच्या तसे आणणारा हा पहिला आणि शेवटचा प्रवासी आहे. नगरी त्या संयमासाठी होती.

"त्याला बायकोनं सांगितलेलं कळत होतं," सौभाग्यवती म्हणाली.

परंतु उदाहरणे आणखी आहेत. १६६६ साली आग्र्याच्या कैदेतून शिवाजी महाराज मिठाईच्या पेटाऱ्यांतून निसटले, असे परंपरा सांगते. पहारेकऱ्यांनी पहिले काही दिवस पेटारे उघडून तपासले आणि पुढे कंटाळून सोडून दिले. या कंटाळ्याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते. मिठाईने भरलेला पेटारा समोरून चालला आहे, तपासण्याचा अधिकार आपल्याला बादशहाने दिलेला आहे, आणि तरी झाकण उचलावेसे वाटत नाही, असे पहारेकरी मोगलांकडेच असू शकतात. तिथे आमच्या कचेरीतला एखादा शिपाई असता, तर इतिहासाला फार निराळे वळण लागले असते. अलीकडच्या काळातले उदाहरण शेर्पा तेनसिंग यांचे. २९ मे १९५३ रोजी एव्हरेस्टच्या माथ्यावर उभे राहून त्यांनी बर्फात लहानसा खळगा केला आणि जवळची बिस्किटे, चॉकलेट आणि गोळ्या त्यात देवाला अर्पण केल्या. जगातल्या सर्वोच्च शिखरावर माणूस पोचला, याचे सगळ्यांनी कौतुक केले. खिशातली गोळी तिथपर्यंत पोचली, याकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

या पुरुषांच्या पंगतीला बसण्याचा मी निश्चय केला. एका रविवारी तीन भूकलाडू घेऊन अजिंक्यतारा चढायचा, आणि खरी, शारीरिक, कागदोपत्री सिद्ध करता येईल अशी भूक लागल्याखेरीज एकालाही हात लावायचा नाही. तीन म्हणजे एक राजगिऱ्याचा लाडू, एक शेंगदाण्याच्या चिक्कीची वडी आणि पुतण्याने दिलेली ती चार नावांची चकचकीत वडी. पुतण्याने माझा निश्चय ऐकला आणि कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. सत्तर किलोचा मनुष्य तीनशे मीटर वर चढवण्याचे निव्वळ काम पन्नासच कॅलरींचे. परंतु देहाचे यंत्र चार आणे काम करून बारा आणे उष्णतेत घालवते, म्हणून खर्च दोनशेचा. आणि पन्नास ग्रॅम चिक्कीत अडीचशे कॅलरी. "काका, म्हणजे एक चिक्की खाल्ली की गड चढलाच नाही असं होतं," तो म्हणाला. शिवाय यकृतात आणि स्नायूंत मिळून चारशे-पाचशे ग्रॅम साठीव साखर देह स्वतःच बाळगून असतो. तिच्यावर दीड तास उत्तम धावता येते, चालण्याची तर बातच नको. आणि एवढ्यावर न थांबता, वडिलांसमान चुलत्याच्या पोटाकडे सूचक कटाक्ष टाकून, त्याने असेही सिद्ध केले, की तिथे जी दहा किलो चरबी शिलकी पडली आहे ती सत्याहत्तर हजार कॅलरींची असून, तेवढ्या शिदोरीवर मला आळंदी ते पंढरपूर जाऊन-येऊन दोनदा करता येईल.

ताळेबंद बरोबर होता. परंतु बेरीज बरोबर आली म्हणून भूक मागे घेतली जात नाही, हे माझ्या पुतण्याला अजून कळायचे आहे.

रविवारी पहाटे माझे शाळासोबती नाना कोपऱ्यावर उभे होते. नाना चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले, आणि वस्तूच्या बाह्यरेषेवरून आतला ऐवज ओळखण्याची त्यांना जन्मजात सिद्धी आहे. माझ्या खिशाच्या फुगवट्याकडे पाहून ते म्हणाले, "वहिनींनी काय दिलंय आज?" मी माझी प्रतिज्ञा त्यांना सांगितली. नाना गंभीर झाले. "चांगलं आहे," ते म्हणाले, "पण राजगिऱ्याचा लाडू आहे ना? तो चढापर्यंत टिकायचा नाही. त्याचा भुगा होईल. अन्न वाया घालवणं बरं नव्हे." या युक्तिवादात कायद्याची एकही चूक नव्हती. नाशवंत माल जप्तीत ठेवता येत नाही, त्याची तात्काळ विल्हेवाट लावावी लागते, असा आमच्याकडेही शिरस्ता होता. गडाच्या वाटेवरच्या 'चार भिंती' या स्मारकापाशी आम्ही थांबलो आणि लाडवाची समसमान वाटणी झाली.

तिथून वर चढताना मला या किल्ल्याचा इतिहास आठवू लागला, ही अत्यंत गैरसोयीची गोष्ट होती. १६९९च्या डिसेंबरात औरंगजेब जातीने या गडाला वेढा घालून बसला, आणि आत प्रयागजी प्रभूंनी मूठभर लोकांनिशी चार महिन्यांहून अधिक काळ गड झुंजवला. चार महिने! आतल्या कोठारातला दाणा मोजून खायचा, उद्याचा आज खायचा नाही, आणि वर सुरुंग फुटताहेत. माझ्या खिशात एक चिक्की होती, गडाखाली कोणीही बसलेले नव्हते, आणि तरीही माझा निर्धार महादरवाजापर्यंत पोचण्याची लक्षणे दिसेनात. शेवटी मी प्रामाणिकपणे स्वतःच्या पोटाची जबानी घेतली. पोट म्हणाले, भूक नाही. जीभ म्हणाली, पोटाला विचारले कोणी? महादरवाजाच्या पायऱ्यांवर बसून चिक्कीचा कडकन् आवाज झाला तेव्हा दोन माकडे आणि एक ओळखीचे कुटुंब अशा चौघा-पाचजणांनी वळून पाहिले.

माथ्यावर पोचलो तेव्हा ऊन कोवळे होते, खाली साताऱ्याचे शहर धुक्यातून नुकते वर येत होते, समोर यवतेश्वरचा डोंगर होता, आणि आश्चर्याची गोष्ट अशी, की मला खरोखरच भूक लागली होती. खरी, शारीरिक, पंचांसमक्ष नोंदवता येईल अशी. आणि खिशात एक भूकलाडू शिल्लक होता! मी सुदाम्याचे स्मरण करून ती चकचकीत वडी बाहेर काढली आणि वेष्टन उघडू लागलो.

ते उघडेना. 'येथे फाडा' असे जिथे छापले होते तिथे ते फाटले नाही, आणि जिथे छापले नव्हते तिथे तर मुळीच फाटले नाही. मी नखे लावली. नाना दात लावू म्हणाले, परंतु त्यांचे दात त्यांना स्वतःलाच परके आहेत. दगडाच्या धारेवर घासून पाहिले. किल्लीचे टोक रोवले. वीस मिनिटांच्या या वेढ्यानंतर वेष्टनावर एक ओरखडा उमटला, आणि त्याक्षणी मला त्या आधुनिक पदार्थाचे मर्म कळून चुकले. जी विद्या सुदाम्याला जन्मभराच्या तपाने साधली, ती या कारखानदारांनी वेष्टनात भरली आहे. संयम हा खाणाऱ्याच्या अंगी असण्याची काहीच आवश्यकता नाही, तो पुडीलाच चिकटवून मिळतो. वडी मी होती तशी खिशात घातली.

गड उतरल्यावर मोती चौकात काय झाले, याचा तपशील देण्याची मला गरज वाटत नाही. फक्त कंदी पेढ्याच्या बाजूने दोन शब्द नोंदवून ठेवतो: त्याचा खवा इतका भाजलेला असतो, की त्यातले पाणी जवळजवळ उडून जाते; त्यात साखर बेताचीच असते; तो दिवसचे दिवस टिकतो; खिशात फुटत नाही, गळत नाही, वाजत नाही; आणि त्याला वेष्टनच नसते. नानांनी पाव किलो घेतले. माझ्या वाट्याला किती आले, हे नानांनाही मी विचारलेले नाही.

सोमवारी धुणे होते. सौभाग्यवती धुण्यापूर्वी खिसे तपासते, परंतु त्या दिवशी बाहेर पाऊस भुरभुरत होता, घाई होती, आणि सदरा तसाच यंत्रात गेला. दुपारी तो वाळत घालताना तिला खिशात काहीतरी टणक लागले. साबणाच्या पाण्यात पाऊण तास घुसळून, पिळून निघालेली ती वडी जशीच्या तशी होती. वेष्टनाची एक घडीही विस्कटली नव्हती, उलट ते पहिल्यापेक्षा चकाकत होते. सौभाग्यवतीने ती उलटसुलट पाहिली, स्वयंपाकघरातून अडकित्ता आणला, आणि सुपारी कातरावी तसा तिचा कोपरा एका दाबात कातरला. आतून काढलेला तुकडा तिने हुंगला, मोडला, तोंडात टाकला, आणि बराच वेळ, एखाद्या जुन्या कागदावरची सही ओळखीची वाटावी तशा मुद्रेने, चावत राहिली.

"अहो," ती म्हणाली, "हा तर आपला खजूर-शेंगदाण्याचा लाडू. नुसती इस्त्री केलीय त्याला."

मग उरलेला तुकडा माझ्या हातावर ठेवून तिने विचारले, "कितीला मिळतो हो हा?"

पुतण्याने सांगितलेला आकडा मला तोंडपाठ होता. परंतु कोणता तपशील केव्हा उघड करावा, याचे भान पस्तीस वर्षांच्या नोकरीने मला दिले आहे. चौकशी चालू आहे, असे मी तिला सांगितले.